वायमारचा दिग्दर्शक आणि उमरग्यातली तालीम

युवक महोत्सवासाठी आम्ही ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'मधला वर्तुळाचा प्रवेश घ्यायचं ठरवलं आणि दोन्हीकडून बोल ऐकावे लागले. एका स्नेह्यांचं म्हणणं, उमरग्याच्या पोरांना जर्मन नाटक कशाला? ब्रेख्त आपल्या गोंधळात आणि भारुडात आधीपासूनच आहे. दुसरे स्पर्धांचे जुने परीक्षक. त्यांचा सल्ला असा की ब्रेख्त जरूर करा, पण प्रमाण भाषेत करा, कारण बोलीला भावना पेलते, विचार पेलत नाही. मला ही दोन्ही मतं मान्य नाहीत. त्यांना उत्तर देताना मला राहून राहून एक माणूस आठवतो. मराठीत त्याचं नाव आता फारसं कुणी घेत नाही.

फ्रिट्झ बेनेविट्झ. जन्म 1926, केम्निट्झचा. तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्यांनी अनेक वर्षं दिग्दर्शन केलं. गोएथेच्या गावात गोएथेचं 'फाउस्ट' त्यांनी एकदा बसवून सोडलं नाही, पुन्हापुन्हा नव्याने बसवलं. 1970 साली ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात आले आणि ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'चं हिंदी रूप, 'तीन टके का स्वांग', उभं केलं. पुढे मुंबईत विजयाबाई मेहतांबरोबर 'अजब न्याय वर्तुळाचा'. हे 'चॉक सर्कल'च, चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणलेलं. त्यानंतर 1995मध्ये जाईपर्यंत हा माणूस भारतात येत राहिला.

आता पहिला आक्षेप. त्यात खरं आहे, आणि ते मी आधी मान्य करतो. आमच्याकडे लग्नानंतर गोंधळ घालतात. अंगणात चौक भरलेला, संबळ तापलेलं, आख्यान रंगात आलेलं. राजा रानात एकटा पडलाय, बायकांच्या डोळ्यांना पदर लागलेत. नेमकी तेव्हाच दिवटी मंद होते. गोंधळी गाणं थांबवतो, यजमानाकडे बघून म्हणतो, "तेल घाला, मालक." यजमान बुधलीतून तेल ओततो, ज्योत वर येते आणि सोडलेल्या ओळीवरून राजा पुन्हा रडायला लागतो. कुणाचा रसभंग होत नाही. समोर नट आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी दुःख खरं वाटतं. प्रेक्षकाला पात्रात वाहू न देण्याचं जे तंत्र ब्रेख्तच्या नावावर जमा आहे, ते हेच. ब्रेख्तनेही ते एकट्याच्या डोक्यातून काढलं नाही. 1935 साली मॉस्कोत त्याने मेई लानफांग या चिनी नटाचा अभिनय पाहिला आणि त्यावर लिहिलं. 'चॉक सर्कल'चं मूळही एका जुन्या चिनी नाटकात आहे. आणखी मागे गेलं तर पाली जातकांत महोसध पंडित जमिनीवर रेघ ओढतो आणि दोन बायकांना एक मूल ओढायला सांगतो. तेव्हा हे सगळं 'जर्मन' म्हणून दारातून परत पाठवणं म्हणजे आपलीच वस्तू न ओळखणं.

पण म्हणून ब्रेख्तची गरज नाही, हे मला पटत नाही. गोंधळ संपतो तेव्हा विधी पुरा होतो, देवीचा कौल मिळतो, माणसं जेवायला बसतात. राजा रानात का गेला, त्याला कुणी घालवला, दुसरं काही होऊ शकलं असतं का, हे तिथे कुणी विचारत नाही. विचारायचं नसतंच. जातकात मूल सोडणारी बाई ही जन्मदाती निघते. ब्रेख्तने ते उलटं केलं. त्याच्याकडे जन्मदाती, म्हणजे गव्हर्नरची बायको, मूल ओढते आणि ज्या मोलकरणीने, ग्रुशाने, ते युद्धातून जगवलं ती हात सोडते. रेघ तीच, मूल तेच, निवाडा मात्र फिरला. जुन्या साच्यात नवा प्रश्न घालण्याचं काम साचा आपल्याकडे आहे म्हणून आपोआप होत नाही.

आपल्याकडेही ते कुणी केलंच नव्हतं, असं नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिलं. जोशी गरोदर कुणबिणीला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो आणि मधे उभा असलेला विदूषक प्रेक्षकांशी बोलत त्या लबाडीची उकल करतो. ब्रेख्तचा जन्म 1898चा. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊंची लोकनाट्यं ही त्याच वाटेची. 'आपलं' म्हणताना गोंधळ आठवतो आणि जलसा विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

दुसऱ्या आक्षेपावर मी जास्त चिडतो, कारण तो आमच्या पोरांच्या तोंडावर हात ठेवतो. उमरगा कर्नाटकाच्या कडेला आहे. "काय करालास?" असं विचारणारी आमची बोली, बाजारात कन्नड, उर्दूही कानावर. मराठी रंगमंचावर ही बोली बहुतेक वेळा गडी, हवालदार नाहीतर हशा आणणारा पाव्हणा यांच्याच वाट्याला येते. बेनेविट्झना मराठी येत नव्हती. तरी त्यांनी आपल्या नटांना वायमारची नक्कल करायला लावली नाही. ज्या प्रांतात गेले तिथल्या नटाच्या अंगात जे होतं, त्यावर नाटक उभं केलं. मुंबईत विजयाबाईंच्या जोडीने लोकनाट्याचा बाज घेतला आणि भोपाळच्या रंगमंडळाबरोबर हेच 'चॉक सर्कल' बुंदेलीत केलं. नाटक एकच, दिग्दर्शक एकच, पण जमीन बदलली की प्रयोग बदलला. शैली म्हणून त्यांचं काही सांगायचं तर मी हेच सांगेन. अझदक या दारुड्या न्यायाधीशाचा निवाडा हा त्या नाटकातला सगळ्यात अवघड विचार आहे. तो बुंदेलीत बोलता येत असेल तर उमरग्याच्या बोलीला का पेलू नये?

ब्रेख्त कोरडा असतो, हा तिसरा समज तर तालमीतच मोडला. आमच्या ग्रुशाने पहिल्या दिवशी ढसाढसा रडून घेतलं. मी तिला एवढंच विचारलं, हात सोडायच्या आधी ती काय करू शकली असती? मुलगी विचारात पडली. पुढच्या वेळी तिने मुलाचं मनगट धरलं, बोटं एकदा घट्ट केली, मुलाकडे बघितलं आणि एकेक बोट उचललं. रडली नाही. कोपऱ्यात हार्मोनियम घेऊन बसलेला पोरगा वाजवायचा थांबला.

वेळेत बसावं म्हणून आम्ही नाटकाची सुरुवात गाळली होती. जगभर अनेक जण गाळतात. त्या सुरुवातीला महायुद्धानंतर दोन सामुदायिक शेतं एका खोऱ्यावरून भांडतात. खोरं मूळचं शेळ्या पाळणाऱ्यांचं. शेवटी ते पाणी आणून फळबाग करणाऱ्यांना मिळतं, कारण जमीन जो फुलवील त्याची.

एका संध्याकाळी एका विद्यार्थ्याची आई त्याला न्यायला आली आणि तालीम बघत दाराशी थांबली. फक्कीचं वर्तुळ, ओढाताण, निवाडा. संपल्यावर मुलांनी तिला गोष्ट सांगितली, गाळलेल्या खोऱ्यासकट. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या बापाचं रान माकणीच्या धरणात गेलं. आमीबी सोडलंच की. वढत बसलो न्हाई. पाणी दुसऱ्याच्या उसाला गेलं. मग सोडणाऱ्याला लेकरू मिळतंय, तर आमाला काय मिळालं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ब्रेख्तजवळही ते तयार नाही, कारण त्याच्या खोऱ्यातले शेळीवाले जरा लवकरच हसून राजी होतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाळलेला प्रसंग परत घेतला. त्यासाठी मधली दोन गाणी कापली. खोरं सोडून जाणाऱ्या म्हाताऱ्या शेळीवालीच्या तोंडी त्या बाईचा प्रश्न तिच्याच शब्दांत घातला आहे. त्यावर फळबागवाल्याने काय बोलायचं, ते मुलं अजून लिहीत आहेत.