‘उओवो’चा अपराध काय?

इटालियन भाषेचें एखादें इंग्रजींत लिहिलेलें व्याकरण आमच्या तरुण अभ्यासकांच्या हातीं पडलें, म्हणजे ‘अपवाद’ या सदराखालीं त्यांस एक बापडा शब्द भेटतो: ‘उओवो’, म्हणजे अंडें. एकवचनीं तो पुल्लिंगी: ‘उन् उओवो फ्रेस्को’, एक ताजें अंडें. अनेकवचनीं तोच स्त्रीलिंगी: ‘दूए उओवा फ्रेस्के’, दोन ताजीं अंडीं. व्याकरणकार ‘अनियमित’ असा शेरा मारून मोकळा होतो आणि विद्यार्थी घोकंपट्टीस लागतो. हा शेरा आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे.

लॅटिनमध्यें ‘ओवुम्’ हा शब्द नपुंसकलिंगी व त्याचें अनेकवचन ‘ओवा’. पुढें इटालियनमध्यें नपुंसकलिंग लोपलें. ‘ओवुम्’चें रूप पुल्लिंगी नामांशीं मिळतें पडलें, म्हणून तें त्या गोटांत शिरलें, ‘ओवा’च्या अंतीं स्त्रीलिंगाचा ‘आ’ होता, म्हणून तें स्त्रीलिंगांत गेलें. ‘ब्राच्चो’ म्हणजे बाहु व ‘लाब्ब्रो’ म्हणजे ओठ, यांचीहि हीच कथा.

कोणी म्हणेल, हे मृत नपुंसकलिंगाचे चार अवशेष. त्यांस नियम कसें म्हणावें? परंतु लॅटिनमध्यें मुळांत पुल्लिंगी असलेला ‘मूरुस्’, म्हणजे भिंत, हाहि याच वाटेनें गेला. आणि आज ‘मूरी’ म्हणजे घराच्या भिंती, तर ‘मूरा’ म्हणजे नगराचा तट. तसेंच ‘ब्राच्चा’ हे माणसाचे बाहु, ‘ब्राच्ची’ हे नदीचे फांटे. ज्या वळणानें अर्थाचा इतका नाजूक भेद साधतो, त्यास अनियमितपणा म्हणणें हा भाषेवर अन्याय होय.

इंग्रज लेखकाची अडचण आम्ही समजूं शकतों. त्याच्या नामांस व्याकरणाचें लिंगच उरलेलें नाहीं. परंतु ज्यांच्या स्वयंपाकघरांत ‘तें अंडें’ व ‘तें दूध’ नित्य नांदतें, आणि ज्यांच्या शेजारच्या हिंदींत नपुंसकलिंग लोपून तेंच दूध पुल्लिंगी झालें आहे, त्यांनीं या शब्दापुढें भांबावून उभें राहावें काय? संस्कृतांतील तिन्ही लिंगें मराठीनें जतन केलीं. ही किल्ली खिशांत असतां आम्ही परक्याच्या दारीं कुलुपाची तक्रार करीत बसतों.

आमचें म्हणणें इतकेंच: युरोपीय भाषा अवश्य शिकाव्या, पण इंग्रजीचा गोंधळ उसना घेऊन शिकूं नयेत. मराठी विद्यार्थ्यासाठीं लिहिलेल्या इटालियन व्याकरणांत ‘उओवो’ अपवादांच्या कोठडींत नसावा. नपुंसकलिंगाच्या पहिल्याच धड्यांत त्यास मानाचें पान मिळावें.