वजन वाढलं, पण कशाचं?

अंगणवाडीत वजन झालं, मोबाईलात आकडा भरला की पोरगं 'नॉर्मल'. पण मंडळी, ते वजन स्नायूंचं की चरबीचं, हे काटा सांगत नाही.

पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. २००३ मध्ये ते छापून आलं. आपली सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५. आपल्या बाळांचे स्नायू कमी, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने शाबूत! पुढच्या मधुमेहाची मुळं ते इथेच शोधतात.

मोजायला मोठं मशीन नको. दंडाचा घेर टेपने घ्या. दंडाच्या मागची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी घ्या, तिला ३.१४ ने गुणून घेरातून वजा करा. घेर १६ सेंटिमीटर, जाडी १, तर उरले १२.८६. हा स्नायूंचा अंदाज, हाड धरून.

दंडाची रंगीत पट्टी आहेच. पाच वर्षांखालच्या पोराचा दंड ११.५ च्या खाली गेला की लाल. पण बिस्किटपुड्यांवर गुटगुटीत झालेलं पोरगं तिच्यावर हिरवंच दिसणार.

कॅलिपरला हात बसावा लागतो, म्हणून अंगणवाडीताईंवर आणखी एक काम नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात एक कॅलिपर, एक शिकलेला माणूस, वर्षातून दोनदा मापं. जिल्हा परिषदेला एवढं जड आहे का? आपापल्या सदस्याला विचारा. मी विचारणार आहे.