जास्तीचा नत्र जातो कुठे?

बऱ्हाणपूरचे नाव निघाले की आमच्या वाचकांना खानदेशची जुनी राजधानी आठवेल, मुमताजमहलचा तेथे झालेला मृत्यू आठवेल. त्या नगरीचे खरे वैभव मात्र जमिनीखाली आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, तेथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी तापीकडे निघाले की वाटेतच भुयारांत धरायचे आणि उताराच्या बळावर गावात आणायचे, ही त्याची युक्ती. मोट नाही, पंप नाही. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत त्याचा समावेश झाला, हे उचितच झाले.

परंतु ज्या वाटेने पाऊस भूगर्भात उतरतो, त्याच वाटेने शेतात टाकलेले खतही उतरते. आज तापीकाठचा हा मुलूख केळीचा आहे आणि केळी हे नत्राला भुकेलेले पीक. खानदेशातील शिफारस झाडामागे २०० ग्रॅम नत्राची आहे. दीड-दीड मीटरवर लावलेल्या बागेत हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे सुमारे ८८९ किलो नत्र. निव्वळ युरियातून द्यायचा म्हटले तर ४५ किलोच्या ४३ गोण्या! ही झाली शिफारस. बांधावरचा हात त्याहून सढळ असतो. झाडाला न लागलेला नत्र हवेत उडतो किंवा नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील ४४० जिल्ह्यांत ही मर्यादा ओलांडल्याचे आढळले. बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलांना या पाण्याचा धोका सर्वांत मोठा. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच ते क्षीण करते. पाणी उकळून घ्या, हा आपल्याकडचा हुकमी सल्ला येथे उलटाच पडतो, कारण उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण वाढते.

युरोपात हाच प्रश्न डुकरांच्या गोठ्यांतून उभा राहिला. (आमच्या बहुतेक वाचकांच्या माजघरात या प्राण्याचा विषय निघत नाही, परंतु शास्त्राला विटाळ नसतो.) डुक्कर खाते त्यातील निम्म्याहून अधिक नत्र मलमूत्रावाटे बाहेर टाकते. नेदरलँड्समध्ये २०१९ च्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने नत्रविषयक परवान्यांची पद्धतच रद्दबातल केली. बांधकामे अडली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये धडकले. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे पडली. खाद्यातील सोयापेंड कमी करून लायसिन, मेथिओनिन यांसारखी नेमकी लागणारी अमिनो आम्ले घातली, तर जनावराची वाढ खुंटत नाही. आणि प्रथिनांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून १४ वर आणले तरी बाहेर पडणारा नत्र साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो. घाण साफ करीत बसण्यापेक्षा घास मोजून देणे स्वस्त पडते. आपल्याकडे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने गाईम्हशींसाठी संतुलित आहाराचा कार्यक्रम राबविला, त्यामागचे तत्त्व हेच.

मग केळीच्या बुंध्याशी हा हिशेब का नको? शेतकऱ्याला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये खत-अनुदानाची नवी पद्धत आली, तेव्हा स्फुरद आणि पालाश तीत घेतले आणि युरिया बाहेर ठेवला. आज युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. जे सर्वांत स्वस्त, तेच शेतकरी मुठीने टाकणार. यात नवल ते काय? ठिबकातून हप्त्याहप्त्याने खत दिले तर थोडक्यात भागते, हे शेजारच्या जळगावच्या बागाईतदारांनी दाखवून दिले आहे. पण स्वस्त गोणीपुढे त्या काटकसरीची किंमत कोण करणार?

बऱ्हाणपूर दूर आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. तापी सुरतेजवळ ज्या समुद्राला मिळते, तो आपलाच अरबी समुद्र. पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्यात पावसाळ्याच्या अखेरीस प्राणवायू संपुष्टात येतो आणि नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात निर्माण होतो, हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० सालीच जगापुढे मांडले. आणि या स्थितीच्या वाढीमागे शेतांतून वाहून येणारा नत्र असावा, असेही सुचविले. रापणीला जाळे ओढणाऱ्याचा त्या केळीबागेशी संबंध आहे तो असा.

युरियावरील अनुदान गोणीवर न देता एकरी रकमेने शेतकऱ्याच्या हाती द्यावे, असे आमचे मत आहे. वाचविलेली प्रत्येक गोणी मग त्याच्याच खिशात पैसे टाकील. आणि तोवर निदान केळीपट्ट्यातील प्रत्येक गावच्या पाण्याची नायट्रेट-तपासणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, होऊन तिचा आकडा अंगणवाडीच्या भिंतीवर लागला पाहिजे.