पाटीला पैसा, पगाराला पाठ

मार्च उजाडला की कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) विभागांना गरिबांची आठवण अचानक तीव्रतेने होऊ लागते. वर्षभर ‘प्रस्ताव पाठवून ठेवा, बघू’ म्हणणारे साहेब स्वतःहून फोन करतात. दोन टक्क्यांचा हिशेब एकतीस तारखेच्या आत जुळवायचा असतो, त्यामुळे पंधरा दिवसांत विकत घेता येईल, फोटो काढता येईल आणि फीत कापता येईल अशीच वस्तू हवी असते. मग शाळेला संगणक मिळतात, वसतिगृहाला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र मिळते, वस्तीला शौचालय मिळते आणि प्रत्येकावर देणगीदाराच्या नावाची ठसठशीत पाटी लागते. ते संगणक शिकवणाऱ्या मुलीला महिन्याला काय द्यायचे, असे संस्थेने विचारले की उत्तर ठरलेले: पगार आमच्याकडे बसत नाही.

पैशाचा तुटवडा आहे म्हणावे, तर तसेही नाही. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा पाच कोटी रुपये वा त्याहून अधिक, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, असा हा नियम. २०२२-२३ मध्ये देशभरात या मार्गाने जवळपास ३० हजार कोटी रुपये खर्च झाले. राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचा वाटा वर्षानुवर्षे सर्वांत मोठा आहे. त्यात आश्चर्य नाही, कारण मुख्यालये मुंबईत, कारखाने पुणे-ठाण्यात आणि कायदाही सांगतो की कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे. ज्या तालुक्यात कारखानाच नाही तिथल्या महिला मंडळाने ‘परिसर’ कुठून आणायचा? नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव आहेत. तिथून मुंबईच्या कॉर्पोरेट कार्यालयापर्यंतचे अंतर किलोमीटरपेक्षा ओळखीच्या हिशेबाने फार जास्त भरते.

आणि जो पैसा पोचतो, तोही ‘प्रकल्पा’ला पोचतो, संस्थेला नाही. येथे एक गैरसमज अनेक कंपन्यांनी सोयीने जोपासला आहे. सामाजिक दायित्वाच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे हे खरे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेवर नव्हे. शिक्षणाच्या प्रकल्पातील शिक्षकांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये स्पष्टही केले. तरीही करारनाम्यांत ‘प्रशासकीय खर्च कमाल पाच टक्के’ हे कलम संस्थेच्याच गळ्यात बांधले जाते. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातील नामांकित संस्थांचे ताळेबंद तपासले, तेव्हा लेखापाल, भाडे, वीज, प्रशिक्षण, संगणक अशा अप्रत्यक्ष खर्चाचे मध्यम प्रमाण सुमारे १९ टक्के आढळले. मधली तफावत कोण भरते? अध्यक्षांचे निवृत्तिवेतन, कार्यकर्त्याचा थकलेला पगार आणि चार्टर्ड अकाउंटंटची भीड.

गंमत अशी की काम झाले की नाही हे मोजायला मात्र नियमांत ऐसपैस जागा आहे. मोठ्या कंपन्यांना एक कोटी व त्यावरच्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावे लागते. त्यासाठी एकूण सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा ५० लाख रुपये, यांत जे अधिक असेल तिथवर खर्च दाखवता येतो. अहवाल लिहिणाऱ्याला पैसे आहेत, ज्याच्यावर अहवाल लिहायचा त्याला नाहीत.

सरकारी अनुदानाची कथा वेगळी नाही. गावातले वाचनालय ही महाराष्ट्रातल्या लोकसंस्थांमधली सर्वांत ओळखीची. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अ, ब, क, ड अशा वर्गवारीने त्यांना राज्याचे परिरक्षण अनुदान मिळते. सुमारे दहा वर्षे हे अनुदान जागचे हलले नव्हते. मग ६० टक्के वाढ झाली, तिचे स्वागतही झाले. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे वर्षाचे अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे त्या हिशेबाने गावचा ग्रंथपाल महिन्याला दोन हजार रुपयांवर कुलूप उघडतो, वर्तमानपत्रे लावतो, पुस्तकांच्या नोंदी ठेवतो आणि तपासणीला आलेल्या साहेबांना चहा पाजतो. वाचनसंस्कृती रोडावली म्हणून परिसंवाद भरवणाऱ्यांनी या दोन हजारांचा एकदा उल्लेख करावा.

हे सारे आजचे नाही. महाराष्ट्रातल्या संस्था लोकांच्या पैशावर उभ्या राहिल्या, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या पैसा फंडाने माणशी एक पैसा गोळा करून तळेगावात काचकारखाना काढला. गोव्यात पोर्तुगीज अमलात घरोघरच्या मूठभर तांदळावर मराठी शिक्षणासाठी मुष्टिफंड संस्था उभी राहिली. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाखांची देणगी देऊ केली, तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले. पाटीचा आग्रह तेव्हाही होता. पण त्या देणगीवर विद्यापीठ चालले, नुसती इमारत नव्हे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्रापर्यंतचे दागिने गेले. ही हकीकत व्यासपीठांवरून गहिवरून सांगितली जाते. त्या दागिन्यांच्या जागी एखादा नियमित निधी का नव्हता, हे विचारण्याइतका गहिवर टिकत नाही. पुढाऱ्यांच्या त्यागाच्या गोष्टींनी देणगीदारांची एक खोड मात्र पक्की केली: काम करणाऱ्याने अर्धपोटी राहावे आणि तसे राहिला तरच तो खरा.

या खोडीला महाराष्ट्रानेच एकदा चोख उत्तर दिले होते. ऐंशीच्या दशकात डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग नामवंत कलावंतांनी त्यासाठी गावोगाव केले. पैसे जमले ते इमारतीसाठी किंवा रुग्णवाहिकेसाठी नव्हते. ते मुद्दल ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, असा तो बेत होता. कार्यकर्त्याच्या घरची चूल हा समाजाचा खर्च आहे, हे या निधीने हिशेबाच्या वहीत लिहिले. त्याच दशकात, १९८६ मध्ये, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले तेही पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर. पुलंनी तिथे काम करणाऱ्यांवर विश्वास टाकला. आजच्या अर्जांच्या नमुन्यांत विश्वासासाठी रकाना नाही.

रकाने बाकी पुष्कळ आहेत. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी, प्राप्तिकर खात्याची १२-ए व ८०-जी ही दोन प्रमाणपत्रे, नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा क्रमांक आणि सीएसआरचा पैसा हवा तर २०२१ पासून सक्तीची झालेली सीएसआर-१ नोंदणी. शिवाय तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास. यातले एकेक मागणे गैर नाही. सार्वजनिक पैसा घ्यायचा तर हिशेब द्यायलाच हवा, आणि नुसत्या लेटरहेडवर चालणाऱ्या संस्थांनी हे क्षेत्र कमी बदनाम केलेले नाही. अडते ते दुसरीकडे. विश्वस्त वारले, राजीनामा दिला, नवे आले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज, लोकांच्या भाषेत ‘चेंज रिपोर्ट’, धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. दाखल करायला ९० दिवस. निकाली निघायला कित्येकदा वर्षे. तोवर न्यासाच्या नोंदीच्या, म्हणजे परिशिष्ट एकच्या, उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांचीच नावे. अनुदान देणारी कंपनी तो उतारा बघते आणि फाइल बाजूला ठेवते. वाद नसलेल्या, कुणाची हरकत नसलेल्या अर्जांचीही हीच गत होते, तेव्हा दोष संस्थेचा उरत नाही.

परदेशातून येणाऱ्या मदतीचा मार्ग तर आणखी अरुंद झाला आहे. अमेरिकेतील मराठी माणसांनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केले, कितीतरी संस्थांना हात दिला. आज न्यू जर्सीतल्या एकाच घरात भारतीय पासपोर्ट राखून असलेल्या भावाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत गावच्या संस्थेला पैसे पाठवले, तर ती देशी देणगी ठरते. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या बहिणीने तेवढेच पैसे पाठवले, तर ती विदेशी देणगी. बहिणीचे पैसे घ्यायला संस्थेकडे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी, त्यासाठी मागच्या तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत आणि खाते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत हवे. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. त्याहून मोठा घाव दुसऱ्या तरतुदीने घातला: नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेने तो पैसा छोट्या संस्थेला पुढे देण्यावर संपूर्ण बंदी आली. पूर्वी मुंबई-पुण्यातली एखादी संस्था परदेशी निधी घेऊन खेड्यापाड्यांतल्या गटांना थोडा थोडा वाटत असे, त्यांच्या वह्या तपासून देत असे. ती मधली कडी कायद्यानेच काढून टाकली.

देशी पैशाबाबतही कल तोच दिसतो. एका धर्मादाय संस्थेने दुसरीला देणगी दिली, तर त्यातले ८५ टक्केच धर्मादाय खर्च म्हणून धरायचे, असा बदल २०२३ च्या वित्त कायद्याने केला. मोठ्याने लहानाला सांभाळून घ्यायचे, तर पंधरा टक्क्यांची टोचणी. सामाजिक शेअर बाजाराचा गाजावाजा झाला. तिथे नोंदणीसाठी आधीच्या वर्षी ५० लाखांचा खर्च दाखवावा लागतो. ज्याचे वर्षाचे अंदाजपत्रक दोन-तीन लाखांचे, त्या गटाने त्या दारावरून जाताना नमस्कार करावा.

राहता राहिला साधा देणगीदार. तो अजून आहे, आणि महाराष्ट्रात तो समजूतदारही आहे. पितृपंधरवड्यात पुण्यात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ प्रदर्शनात लोक संस्थांच्या टेबलांपाशी उभे राहून प्रश्न विचारतात आणि धनादेश लिहितात. ‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात २०११ पासून दरवर्षी गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख होते आणि वाचक भरभरून देतात. या पैशाला अटी नसतात. त्यातून पगार देता येतो, छप्पर शाकारता येते, लेखापरीक्षकाचे बिल भागते. म्हणूनच छोट्या संस्थेला दहा लाखांच्या प्रकल्पापेक्षा असे दोन लाख अधिक मोलाचे वाटतात. पण २०२३-२४ पासून प्राप्तिकराची नवी प्रणाली आपोआप लागू होऊ लागली आणि त्या प्रणालीत देणगीवर ८०-जीची वजावट मिळत नाही. लोक केवळ करासाठी देतात असे नाही. तरी सरकारने हात आखडता घेतला, हे नोकरदाराला कळते.

सरकारला सवलत देता येत नाही असेही नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने पाच कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या न्यासांची प्राप्तिकर नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांसाठी ग्राह्य केली, त्यामुळे दर पाच वर्षांनी कागद घेऊन धावण्यातून हजारो लहान संस्था सुटल्या. त्याच न्यायाने नव्या करप्रणालीत निदान ठरावीक रकमेपर्यंतच्या देणग्यांना वजावट देता येईल. राज्य सरकारला त्यासाठी दिल्लीकडे बघत बसण्याचेही कारण नाही. धर्मादाय कार्यालये त्याच्याच अखत्यारीत आहेत. हरकत नसलेल्या बदल अर्जांना मुदत घालून देणे, जिल्हा पातळीवर अर्ज भरून देणारा आणि हिशेब लावून देणारा एखादा मदत कक्ष चालवणे, हे अंदाजपत्रकात फारसे उमटणारही नाही.

त्यापुढची गरज जिल्ह्याच्या स्वतःच्या निधीची. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात १९१४ मध्ये असा समुदाय निधी निघाला: अनेकांच्या लहानमोठ्या देणग्या एकत्र ठेवायच्या आणि त्यांच्या उत्पन्नातून स्थानिक संस्थांना द्यायचे. मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्टने १९९१ पासून ती वाट चोखाळली. नाशिक, सोलापूर, चंद्रपूर, रत्नागिरीत कारखाने, सहकारी बँका, देवस्थाने, डॉक्टर आणि व्यापारी यांच्याकडे पैसा आहे आणि जत्रेला, सत्काराला, स्वागतकमानींना तो निघतोही. अशा निधीने जिल्ह्यातल्या पन्नास संस्थांना प्रत्येकी एका कार्यकर्त्याचा तीन वर्षांचा पगार आणि एक सामाईक लेखापाल दिला, तर सीएसआरचा अर्ज भरायला, दर्पणवर नोंद करायला, चेंज रिपोर्टची तारीख गाठायला कुणीतरी जागेवर असेल. कंपन्यांनीही तेवढे करावे: येत्या मार्चच्या करारनाम्यात संस्थेवर लादलेले पाच टक्क्यांचे ते कलम काढून टाकावे आणि त्या जागी शिकवणाऱ्या मुलीचे बारा महिन्यांचे वेतन लिहावे. पाटी हवीच असेल तर तिच्या टेबलावर लावायला कुणाची हरकत नाही.