हौस म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाची नवी ऑक्टाव्हिया आरएस भारतात आली. परदेशातून तयार होऊन आलेल्या मोजून १०० गाड्या, एकेकीची एक्स-शोरूम किंमत ४९ लाख ९९ हजार. किंमत जाहीर व्हायच्या आत सगळ्यांचं बुकिंग संपलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत नगरच्या सावेडीतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या मुलानं मला गाठलं. "काका, अशी एखादी गाडी घेऊन वीस-पंचवीस वर्षं झाकून ठेवली, तर सोन्यापेक्षा जास्त सुटेल ना?"

मी लगेच 'नाही' म्हणालो. त्याचा चेहरा पडला, पण त्यानं मला विचारलं होतं ते माझा धंदा बघून. मी विमा कंपन्यांसाठी सर्व्हेअरचं काम करतो. इमामपूर घाटात कंटेनरला मागून धडकलेली जीप असो की करंजी घाटात पलटी झालेला टेम्पो, गाडी बघायची, फोटो काढायचे आणि तिची उरलेली किंमत कागदावर मांडायची. गाड्यांचं वेड मलाही आहे. पण पुढचा हिशेब सर्व्हेअरचा आहे.

विम्याच्या भाषेत गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही. पहिल्या सहा महिन्यांतच त्यातून ५ टक्के जातात, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पन्नास लाखांची गाडी पाच वर्षांत पंचवीस लाखांवर येते. त्यानंतर तक्ताच संपतो; पुढची किंमत कंपनीनं आणि मालकानं आपसांत ठरवायची. गाडी २६५ हॉर्सपॉवरची आहे की रोज ऑफिसला नेण्याची, हे तक्ता विचारत नाही.

"पण परदेशात लिलावात कोट्यवधी मिळतात की," असं पोरं म्हणतात. मिळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. विकणाऱ्यानं ती १९८५ मध्ये ५ लाख डॉलरला घेतली होती. ऐकून डोळे फिरतात. पण कॅल्क्युलेटर हातात घ्या. ३८ वर्षांत शंभरपट म्हणजे चक्रवाढीनं वर्षाला साधारण १३ टक्के. त्यातून इतक्या वर्षांचं गॅरेज, विमा, दुरुस्ती आणि लिलाववाल्याचं कमिशन अजून वजा व्हायचं आहे. ही झाली जगातल्या सर्वांत नशीबवान गाड्यांपैकी एकीची गोष्ट. तशा गाड्या तीन डझनांच्या आसपासच बनल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस, शर्यतीतून बाद झाल्यावर, त्यातल्या काही मोजक्या हजार डॉलरला विकल्या गेल्या होत्या. त्या वेळी कुणी गुंतवणूक म्हणून त्या घेत नव्हतं.

फेरारीच्या त्या लिलावाच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, मर्सिडीजची ३०० एसएलआर ऊलेनहाऊट कूपे साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली, त्या वेळचे साधारण ११०० कोटी रुपये. तशा दोनच गाड्या आहेत. पण त्या कुणाच्या बंगल्याखाली ताडपत्री घालून पडलेल्या नव्हत्या. ज्या कंपनीनं बनवल्या तिनंच आपल्या संग्रहात सांभाळल्या. गाडी टिकली ती तिच्यामागे कारखाना उभा होता म्हणून.

आपल्याकडे बोली कशावर चढते? सप्टेंबर २०२० मध्ये नाशिकला बनणाऱ्या नव्या थारची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली. तीच थार शोरूममध्ये दहा लाखांच्या आतून सुरू होत होती. वरचे एक कोटी इंजिनाचे नव्हते, ते एक नंबरच्या मानाचे आणि लिलावाचा पैसा मदतकार्याला जाणार होता त्याचे होते. दुसरं उदाहरण गल्लीतलं. यामाहा आरएक्स १०० चं उत्पादन १९८५ ते १९९६ एवढंच चाललं. ताकद जेमतेम ११ हॉर्सपॉवर. आजच्या कॉलेजातल्या पोरांच्या कितीतरी बाइक तिच्या पुढे जातील. तरी ओरिजिनल, कागद क्लिअर असलेली आरएक्स आज लाखाच्या पुढे सहज जाते. ज्या पोरांनी तेव्हा तिच्याकडे नुसतं बघितलं, त्यांच्या हातात आता पैसा आहे. शिवाय कुठल्याही तालुक्याच्या गावी ती खोलून पुन्हा जोडणारा फिटर आहे. भाव या दोन गोष्टींना आहे, वेगाला नाही.

'लिमिटेड एडिशन' या शिक्क्यावर तर अजिबात जाऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये महिंद्राची बीई ६ बॅटमॅन आवृत्ती आली तेव्हा आकडा ३०० ठरला होता. मागणी बघून तो ९९९ झाला आणि त्या गाड्या १३५ सेकंदांत संपल्या. धंदा म्हणून यात काही चूक नाही. पण गिऱ्हाईक वाढलं की जो आकडा तिप्पट होतो, त्याला दुर्मीळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. याच इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीला आजन्म वॉरंटी आहे, ती पहिल्या मालकापुरती. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर. संग्राहक म्हणून तुम्ही ज्याला ती विकणार, तो दुसराच मालक असणार आहे.

आता माझ्या कामातली गोष्ट सांगतो. आजच्या वेगवान गाड्या लिलावापर्यंत पोचणार नाहीत त्याचं खरं कारण तिच्यात आहे. पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगाव एमआयडीसीत २०१५ मध्ये फियाटनं अबार्थ पुंटो बनवली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, किंमत ९ लाख ९५ हजार. दहा लाखांच्या आत एवढी ताकद आपल्याकडे कुणी देत नव्हतं. थोड्याच विकल्या गेल्या. २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ नियम येईपर्यंत फियाटच्या नावाच्या गाड्या इथे बंद झाल्या. दुर्मीळ, वेगवान, वर एका मोठ्या घराण्याचं नाव. उद्याची संग्राह्य गाडी म्हणून हिच्यात सगळे गुण आहेत.

अशीच एक गाडी माझ्याकडे क्लेमला आली होती. समोरून मार. बंपर, रेडिएटर, टर्बोचे पाइप गेलेले, दोन एअरबॅग उघडलेल्या. इंजिन शाबूत, चासी सरळ. चांगल्या फिटरनं महिन्याभरात उभी केली असती. पण विम्याचा नियम आहे की दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. गाडी जुनी, आयडीव्ही घसरत तळाला आलेली, आणि पार्ट मिळेनात म्हणून त्यांचे भाव गगनाला. आकडा ७५ च्या पलीकडे गेला. मालकानं पैसे घेतले, गाडी सॅल्व्हेजवाल्यानं उचलली आणि सुटी करून विकली. २०४५ च्या लिलावात येऊ शकली असती अशी एक गाडी त्या दिवशी संपली, आणि त्या कागदावर सही माझीच होती. नियमाप्रमाणे ती बरोबर होती. म्हणूनच नियमाबद्दल बोलतो आहे.

तुम्ही म्हणाल, मग गाडी रस्त्यावर काढूच नये. झाकून ठेवलेल्या गाड्याही मी बघतो. टायर एका जागी बसून चपटे होतात, ब्रेक धरतात, आणि ऊसपट्ट्यात असाल तर उंदीर वायरिंग खातात. त्याचे क्लेम दर पावसाळ्यात येतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत आपल्याच कारखान्यांच्या उसाचं ते पोर. माझ्या घरचाही ऊस आहे, त्यामुळे तक्रार करायला मी मोकळा नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रोज चालणाऱ्या गाडीला ते फारसं जाणवत नाही, महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत आणि पंपात मात्र गंज धरतो, आणि जुन्या गाड्यांची रबरं फुगतात.

आजच्या गाडीत भर म्हणून डझनावारी कॉम्प्युटर. त्यांचा प्रोग्राम बहुतेकदा कंपनीच्या मशीनवरच उघडतो. २०४५ मध्ये ते मशीन कुणाकडे असेल? केंद्रानं 'दुरुस्तीच्या हक्का'साठी २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल केलं, त्यात वाहनंही आहेत. तो हक्क कायद्यात उतरला नाही, तर या गाड्या लोखंडाच्या भावानं जातील.

दुरुस्त होणाऱ्या आणि न होणाऱ्या गाडीची तुलना बघायला नगरकराला परदेशी जावं लागत नाही. फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ मध्ये ५० सीसीची लूना आणली ती आपल्या नगरमधून. तिच्या कारखान्याचं नाव आजही एका चौकाला आहे. त्याच कायनेटिकनं २०१७ च्या सुमारास इटलीची एमव्ही ऑगुस्टा ब्रुटाले ८०० नगरमध्ये जोडून विकली. तीन सिलिंडर, ११० हॉर्सपॉवर, किंमत साडेपंधरा लाखांच्या आसपास. काही वर्षांत तो व्यवहार गुंडाळला गेला. आज ब्रुटालेच्या मालकाला एक सेन्सर हवा असेल तर परदेशातून मागवावा लागतो. लूनाचा प्लग, केबल, पिस्टन शोधला तर इथेच सापडतो. दोन्हींवर नगरचा हात फिरलेला आहे. पण पन्नास वर्षांनी चालू स्थितीत कोणती दिसेल, यावर पैज लावायची तर मी लूनावर लावीन.

आता कायद्याचं. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा नंबर, २० हजार रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी. चांगला नियम आहे. पण साधी खासगी गाडी पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंगला जाते, मग दर पाच वर्षांनी. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी १० हजार झाली, आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार. म्हणजे २०२५ ची गाडी २०७५ ला व्हिंटेज होणार आणि मधली ३५ वर्षं ती सरकारच्या लेखी फक्त जुनी, धूर सोडणारी, भंगारात जायला उशीर झालेली. फी भरणारा भरेल. पण आयुष्याच्या मधल्या टप्प्यातल्या गाडीला काही दर्जाच नाही, ही खरी अडचण आहे. आरएक्स १०० आणि बऱ्याच लूना आज याच पट्ट्यात आहेत, अबार्थही लवकरच तिथे पोचेल.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पंचवीस वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी असावी. वर्षाला ठरावीक किलोमीटरच चालवण्याची अट घाला, प्रदूषणाची तपासणी कडक ठेवा, पण तिला संग्राह्य वाहन म्हणा. दुसरं, अशा गाड्यांना ठरवलेल्या किमतीचा विमा मिळावा. विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये व्हिंटेज गाडीसाठी अशी सोय होती, शिवाय हप्त्यात २५ टक्के सूट. पण ती १९४० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांपुरती. ही तारीख पुढे सरकवायला हवी. तिसरं नगरपुरतं. १९९४ पासून आपल्याकडे रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि त्यात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी उभी आहे. तिच्यावर कधी बोली लागणार नाही, तरी बाहेरगावचा पाहुणा आला की आपण तिच्यापुढे नेऊन उभा करतो. लष्कराच्या गाड्या जपणाऱ्या या शहरात साध्या माणसाच्या गाड्यांचं एखादं दालन का नसावं? महापालिकेनं जागा द्यावी. लूना आणून देणारे शंभर नगरकर मिळतील.

सरकार हलेल तेव्हा हलेल. वेगवान गाडी घ्यायची असेल तर जरूर घ्या, हौसेला मोल नसतं, आणि घेतली तर चालवा. पहिलं बिल, सर्व्हिस बुक, जुनी आरसी, बदललेल्या प्रत्येक पार्टची पावती एका फायलीत लावा; लिलावात अर्धी बोली त्या फायलीवर लागते. आणि कधी अपघात झालाच, माझ्यासारखा कुणी येऊन टोटल लॉस म्हणाला, तर लगेच सही करू नका. सॅल्व्हेजची रक्कम वजा करून गाडी तुमच्याकडेच राहू शकते का, हे आधी विचारा. बहुतेक लोक विचारत नाहीत, आणि आमच्यातले बरेचजण आपणहून सांगत नाहीत.