वणीची हवा आणि झाडांची साल

मसाल्यात पडणारे दगडफूल हे वस्तुत: फूल नव्हे. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून निर्माण होणाऱ्या ‘शैवाकां’पैकी ते एक. शैवाकांना मुळे नसतात; पाणी आणि क्षार ती हवेतून, पावसातून आणि ज्या सालीवर वाढतात तिच्या पृष्ठभागावरून घेतात. साहजिकच प्रदूषणाचा फटका त्यांना आधी बसतो. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील निरीक्षणांवरून विल्यम निलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये हे दाखवून दिले. शैवाके मोजून हवा ओळखण्याची कमी खर्चाची पद्धत पुढे अनेक देशांत रुळली.

यवतमाळ जिल्ह्यात अशा मोजणीची गरज सर्वाधिक असेल तर ती वणी परिसराला. कोळसा खाणी, कोळशाचे ट्रक, चुनखडी, मुकुटबनचा सिमेंट कारखाना आणि वर्धा नदीपलीकडे चंद्रपूरचे २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र, असा हा टापू आहे. मात्र येथे नुसती मोजदाद फसवी ठरू शकते, कारण सालीचे रसायन झाडागणिक बदलते. बाभळीची साल टॅनिनयुक्त असते, म्हणूनच ती कातडी कमावण्यासाठी वापरली जाते. अर्जुनाच्या सालीत कॅल्शियम मुबलक असते. असे क्षार असलेली साल आम्लाचा प्रभाव काही काळ थोपवते. इतर साल लवकर आम्लधर्मी होते. अर्थात, अर्जुनाची साल पापुद्र्यांनी सुटते, हा वेगळा पेच. निलगिरी आणि पेरूवर तर संथ वाढणाऱ्या शैवाकाला बस्तान बसवण्यास सवडच मिळत नाही. एका चौकातील निलगिरी उघडी आणि दुसऱ्या चौकातील आंबा शैवाकांनी भरलेला दिसला, तर त्यावरून हवेचा निवाडा करणे चुकीचे ठरेल.

वणीत गुंता आणखी वाढतो. कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड सालीला आम्लधर्मी बनवतो. चुनखडीची आणि सिमेंटची धूळ नेमके उलट करते. दोन्ही एकाच खोडावर बसल्यास सालीचा सामू मधल्यामध्ये राहू शकतो. हवा मात्र दुहेरी दूषित! युरोपात गंधकयुक्त धुराच्या काळात ‘लेकानोरा कोनिझिऑइडिस’ हे आम्लप्रिय शैवाक फोफावले आणि धूर घटल्यावर तेच विरळ झाले. तेव्हा शैवाके किती, यापेक्षा ती कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांवर अनेक दशके काम झाले आहे. तो अनुभव वणीत वापरायचा, तर एकाच जातीची, साधारण सारख्या घेराची झाडे निवडून सालीच्या सामूसह नोंदी कराव्या लागतील. अडचण तेथेच आहे. रस्ता रुंदीकरणात पहिला बळी जातो तो कडेच्या जुन्या कडुनिंबांचा, आंब्यांचा आणि चिंचांचा. भरपाई म्हणून लावलेल्या रोपांच्या कोवळ्या सालीवर तुलनेयोग्य शैवाके वाढण्यास कित्येक वर्षे जातात. कुऱ्हाड पडण्यापूर्वी खोडावरील शैवाके आणि सालीचा सामू टिपून ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. वृक्षतोडीच्या परवानगीतच ही अट घालता येईल.