मानसरोगाची ओळख : वैद्यांचे पहिले कर्तव्य

मानसरोगाने पीडित रुग्ण प्रथम मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. राधानगरी, गगनबावडा वा शिरोळच्या खेड्यातील रुग्ण आधी गावच्या वैद्याकडे येतो, आणि तोही मनाची तक्रार घेऊन नव्हे. छातीत धडधडते, पित्त उसळते, हातापायांना मुंग्या येतात, झोप नाही, धातू जातो, अशीच भाषा तो बोलतो. त्यामागील व्याधी ओळखणे वा तिच्यावर पित्तशामक चूर्णाचे पांघरूण घालणे आमच्या हाती असते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांतील प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्ती मानसिक विकाराने ग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून दूर होत्या. ही दरी केवळ तज्ज्ञांच्या संख्येने भरून निघणार नाही.

निदानाचे साधन आमच्याजवळ नाही, असे मुळीच नाही. चरकाचार्यांनी उन्मादाचे लक्षण सांगताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. परीक्षेपुरते पाठ केलेले हे सूत्र रुग्णतपासणीत उतरले पाहिजे. पूर्वी भजनात रमणाऱ्याची गोडी आटली काय? हा भक्तिविभ्रम. शांत माणूस एकाएकी चिडखोर झाला काय? हा शीलविभ्रम. स्नान, वस्त्र, लोकव्यवहार यांचे भान सुटले काय? हा आचारविभ्रम. यांची उत्तरे रुग्णापेक्षा घरच्या मंडळींकडूनच अधिक मिळतात; म्हणून त्यांना स्वतंत्रपणे विचारावे. मात्र प्रत्येक मानसरोग म्हणजे उन्माद नव्हे. विषादाची गणना चरकाचार्यांनी नानात्मज वातविकारांत केली असून रोग वाढविणाऱ्या भावांत त्यास अग्रस्थान दिले आहे. असा रुग्ण आरडाओरड करीत नाही, म्हणूनच तो नजरेतून निसटतो.

येथे औषधयोजनेविषयी एक इशारा आवश्यक वाटतो. सर्पगंधेचा उन्माद व रक्तदाबातील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली आधुनिक वैद्यकापुढे मांडला, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु १९५२ मध्ये तिच्यापासून वेगळे केलेले रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत विषाद बळावल्याचेही पुढे नोंदले गेले. तेव्हा निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णास सरसकट सर्पगंधा देणे शास्त्रास धरून नाही. निद्रानाशामागे विषाद आहे काय, हे आधी पाहावे.

औषधविक्रेते बंधूंचा वाटाही मोठा आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अनुसूची एच-१ मध्ये असून चिठ्ठीवाचून त्यांची विक्री करता येत नाही व तिची नोंद ठेवावी लागते. झोपेची गोळी वारंवार मागणारा माणूस हा केवळ गिऱ्हाईक नव्हे. त्याला वैद्याकडे धाडणे हीदेखील रुग्णसेवाच होय.

आमच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर वैद्यास मानसिक आरोग्य व्यावसायिकाचे स्थान आहे; केवळ बी.ए.एम.एस. पदवीने ते मिळत नाही. म्हणून भास होणारा, अन्नपाणी सोडलेला, हिंसक वा आत्मघाताचे विचार बोलून दाखविणारा रुग्ण सी.पी.आर. रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाकडे विनाविलंब पाठवावा. मरणाचे विचार येतात काय, असे विचारल्याने ते विचार रुजतात, ही समजूत निराधार आहे. सरळ विचारावे. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयाच्या भिंतीवर असावा. तज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे आमच्या सांगण्यावरून कदापि बंद होऊ नयेत.

'बाहेरची बाधा' म्हणून देवस्थानी जाणाऱ्यांची हेटाळणी करू नये. आगंतु उन्मादासाठी दैवव्यपाश्रय चिकित्सा आमच्या संहितांतही आहे. देवदर्शनास जावे, पण औषध थांबवू नये, एवढे पटवून दिले तरी पुरे. मात्र साखळदंड व मारहाण यांस क्षमा नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळीने बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. महाराष्ट्रात तर भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आमची संघटनेस विनंती आहे की, या आठ विभ्रमांचा रकाना असलेला रुग्णपत्रिकेचा नमुना तयार करून तो सभासदांस द्यावा. नाडी पाहणाऱ्या हाताने मनाचीही विचारपूस करावी, हीच शास्त्राची आज्ञा आहे.